खाली केलेली सायकलची सीट पुन्हा योग्य उंचीवर कशी आणायची

आपल्याकडे बहुतेक घरांत सायकल एक आणि तिच्यावर बसणारे तीन-चार. सकाळी बाप वावरात जातो, तो परत आला की पोरगी तीच सायकल घेऊन शिकवणीला निघते, सुटीच्या दिवशी लहानगं पोट्टं तिच्यावरच शिकतं. लहान माणसासाठी सीट खाली घ्यायला कोणी विसरत नाही, कारण त्याशिवाय पाय पुरतच नाहीत. पुन्हा वर करायचं मात्र राहून जातं, कारण खालच्या सीटवरही सायकल चालतेच. चालते, पण गुडघ्यांच्या जिवावर. चाळिशीतला माणूस 'आता वय झालं' म्हणत रात्री गुडघ्याला तेल चोळत बसतो, आणि सीट महिनोन्‌महिने चार बोटं खाली राहिलेली असते.

सीट आधीच्या जागेवर आणायला दोन मिनिटं लागतात, पण आधीची जागा माहीत असेल तरच. माहीत नसेल तर एकदा नीट माप काढावं लागतं, त्याला अर्धा तास द्या. पुढे दोन्ही सांगतो. साधी काळी उंच सायकल डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, कारण गावात अजून तीच जास्त आहे. गिअरच्या सायकलीत जिथे फरक पडतो तिथे तो वेगळा सांगितला आहे.

हिशोब जमिनीचा नाही, पायडलचा

सीटवर बसून दोन्ही पाय सपाट जमिनीला टेकले की उंची बरोबर, असं आपल्याकडे सर्रास धरलं जातं. शिकणाऱ्यासाठी ते ठीक आहे, त्याला तोल जाताना पाय टेकवायचे असतात. ज्याला सायकल येते त्याच्यासाठी हे माप चुकीचं आहे.

मोठ्या सायकलीचं पायडल सगळ्यात खाली आलं तरी जमिनीपासून चार-पाच इंच वर असतं. म्हणजे बसल्या जागी पाय जमिनीवर सपाट टेकत असेल, तर पायडलवर तोच पाय चार-पाच इंचांनी दुमडलेला राहणार. तो कधीच सरळ होत नाही. पायडल वर येतं तेव्हा गुडघा आणखी दुमडतो, आणि नेमक्या त्याच अवस्थेत आपण जोर लावतो. दुमडलेल्या गुडघ्यावर जोर लावला की गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. समोरून, वाटीच्या आसपास दुखतं ते यामुळे. शिवाय मांडीच्या स्नायूंना पुरती ताकद लावता येत नाही, म्हणून तेवढ्याच अंतरात माणूस जास्त थकतो. वाऱ्याविरुद्ध किंवा कॅरियरवर पोतं ठेवून जाताना हे लगेच जाणवतं.

सीट फार उंच झाली तरी त्रास आहेच. पाय ताणून पायडल गाठावं लागतं, कंबर डावी-उजवीकडे डोलते, गुडघ्याच्या मागच्या बाजूला आणि टाचेच्या वरच्या शिरेत ओढ बसते, जांघेत काचतं. योग्य उंची या दोन्हींच्या मध्ये असते आणि ती पट्टी फार रुंद नसते. एक सेंटिमीटरचा फरक शरीराला कळतो.

बरोबर उंचीवर बसल्यावर थांबताना सीटवरून थोडं पुढे उतरावं लागतं, किंवा एका बाजूला झुकून चवड्यावर पाय टेकवावा लागतो. त्याची सवय आठवड्याभरात होते. त्या एका गैरसोयीसाठी गुडघे पणाला लावू नका.

खाली करण्याआधी: तुराटीचा तुकडा

सीट आत्ता बरोबर उंचीवर असेल आणि कोणासाठी तरी खाली करायची असेल, तर पाना लावण्याआधी ती उंची टिपून ठेवा.

पिलरवर, म्हणजे सीटच्या दांड्यावर, खूण करावी असं आधी सुचतं. पण सीट खाली गेली की ती खूण फ्रेमच्या नळीत जाते. तिथे चिकटपट्टी गोळा होते, नेलपॉलिश खरवडतं, पेनाची रेघ पुसली जाते. काणशीने खाच पाडू नका. खाचेपाशी चकाकीचा थर निघतो, पहिल्या पावसात गंज तिथूनच धरतो, आणि खोल खाच असेल तर पिलर तिथेच मोडू शकतो. चिकटपट्टीची खूण फक्त घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाच्या उंचीसाठी कामाची, कारण पिलर त्याच्याखाली कधी जातच नाही.

त्यापेक्षा सोपा उपाय प्रत्येकाच्या सांदीत पडलेला आहे. तुरीच्या काढणीनंतर उरलेली वाळकी, सरळ तुराटी घ्या. (पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची काडी, वाकडी असते, ती नको.) सीट बरोबर उंचीवर असताना फ्रेमच्या नळीच्या वरच्या काठापासून सीटखालच्या क्लॅम्पच्या खालच्या कडेपर्यंत पिलरचा जेवढा भाग उघडा दिसतो, तेवढ्याच लांबीचा तुकडा कापा. दोन्ही टोकं सपाट करा. पुढच्या वेळी सीट वर करताना हा तुकडा पिलरला खेटून, नळीच्या काठावर उभा धरायचा आणि क्लॅम्प त्याच्यावर टेकेपर्यंत सीट खाली आणायची. झालं.

घरातल्या प्रत्येकाचा वेगळा तुकडा करा, एकावर एक गाठ, दुसऱ्यावर दोन, अशा सुतळीच्या खुणा बांधा आणि कुलपाच्या चावीजवळच्या खिळ्याला लटकवून ठेवा. बांबूची कमची वापरली तर तुकडा वर्षानुवर्षं टिकतो. टेप असेल तर हेच अंतर सेंटिमीटरमध्ये मोजून भिंतीवर लिहून ठेवलं तरी चालतं. मला तुकडा जास्त आवडतो, कारण तो अंधारातही वापरता येतो आणि आकडा वाचता न येणाऱ्या आजीलाही.

हा तुकडा त्याच सायकलीला आणि त्याच सीटला लागू पडतो. सीट बदलली की नवीन तुकडा.

नट सैल करणं, आणि पिलर अडकला असेल तर

काळ्या सायकलीत फ्रेमची नळी जिथे संपते तिथे मागच्या बाजूला आडवा सीटबोल्ट असतो. उंचीसाठी फक्त हाच सैल करायचा. सीटच्या अगदी खाली, स्प्रिंगांच्या मध्ये आणखी एक क्लॅम्प असतो. तो सीट पुढे-मागे आणि टोक वर-खाली करायला. पुष्कळ जण घाईत तोच सैल करतात, मग सीट झुलायला लागते आणि एक काम करता करता दुसरं वाढतं.

नटावर घट्ट बसणारा रिंगचा पाना वापरा. पकड किंवा ढिला रिंच पाना लावला की नटाचे कोपरे झिजतात आणि पुढच्या वेळी तो कशानेच हलत नाही. घरी नसेल तर चौकातल्या दुकानात "काकाजी, पाच मिनिटं पाना द्या" म्हटलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. गिअरच्या सायकलीला बहुधा ५ किंवा ६ मिलिमीटरची षटकोनी चावी लागते, नाहीतर हाताने उघडायचा खटका असतो.

नट पूर्ण काढायचा नाही, दोन-तीन आटे सैल करायचा. मग सीट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवत वर ओढायची. नुसती सरळ ओढली तर ती येत नाही, आली तर झटक्यात येते आणि हनुवटीवर लागते.

फिरवूनही हलली नाही तर गंज धरला आहे. नळीच्या तोंडाशी मागे, बोल्टने आवळता यावी म्हणून ठेवलेली चीर असते; पावसाचं पाणी तिच्यातून आत उतरतं आणि पिलर आतल्या आत गंजून फ्रेमला चिकटतो. दोन पावसाळे पिलर जागचा हललाच नसेल तर हे बहुतेक ठरलेलंच. अशा वेळी बोल्ट पूर्ण काढून घ्या. पिलर आणि नळी जिथे भेटतात तिथे सभोवार घासलेट किंवा डिझेल थेंब-थेंब सोडा, चिरेतूनही सोडा, आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पुन्हा सोडा. मग मागचं चाक पायांत घट्ट धरून सीट फिरवून पाहा. आधी फिरवायचं, फिरली की मगच ओढायचं. नळीवर लाकडी ठोकळ्याने हलक्या हाताने ठोकलं तर गंज सुटायला मदत होते. सीटला खालून हातोडा मारू नका, स्प्रिंगा आणि क्लॅम्प तुटतात. दोन-तीन दिवसांतही सुटला नाही तर मिस्त्रीकडे न्या. घरी गॅसवर किंवा चुलीवर फ्रेम तापवायचा उद्योग करू नका, रंग जळतो आणि आत साचलेलं घासलेट पेट घेऊ शकतं.

पिलर सुटला की पूर्ण बाहेर काढा, गंज पॉलिश पेपरने घासा, नळीचं तोंड आतून फडक्याने पुसा आणि पिलरला ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. लोखंडी फ्रेमला दर वर्षी मृगाच्या आधी एकदा हे केलं तर पिलर पुन्हा अडकत नाही.

उंची नव्याने काढायची तर: टाचेचं माप

खूणही नाही आणि तुकडाही नाही, अशी स्थिती असेल तर हे करा. एक मदतनीस हवा.

सायकल ओट्याजवळ किंवा भिंतीजवळ, पक्क्या सपाट जागी घ्या. मदतनीस पुढे उभा राहून हँडल धरेल, तुम्ही एक हात भिंतीला लावा. मागचा दोन पायांचा स्टँड मजबूत असेल तर त्याच्यावरही बसता येतं, पण खाली काळी ओली माती असेल तर स्टँड रुततो आणि सायकल पडते. एका बाजूच्या स्टँडवर कधीच बसू नका.

पायात रोज सायकल चालवताना जे असतं तेच घाला. स्लिपर असेल तर स्लिपर, बूट असतील तर बूट. स्लिपरचा आणि बुटाचा तळवा यांत सेंटिमीटरभर फरक सहज असतो आणि तो थेट सीटच्या उंचीत येतो.

सीटवर नेहमीसारखं, पूर्ण वजन टाकून बसा. हे महत्त्वाचं आहे, कारण आपल्या सायकलीच्या सीटला खाली जाड स्प्रिंगा असतात आणि बसल्यावर त्या दबतात. रिकामी सीट पाहून ठरवलेली उंची बसल्यावर तेवढी राहत नाही.

आता पायडल उलटं फिरवत एक क्रँक, म्हणजे पायडल ज्याच्या टोकाला असतं तो दांडा, अशा जागी आणा की ज्या नळीत पिलर बसतो त्या नळीच्याच सरळ रेषेत तो येईल. नळी मागे झुकलेली असते, त्यामुळे क्रँक अगदी उभा न राहता खाली आणि किंचित पुढे दिसेल. पायडल सीटपासून सगळ्यात लांब जातं ते इथेच. त्या पायडलवर टाच ठेवा. चवडा नाही, टाच.

कंबर सरळ, दोन्ही बाजू सारख्या, आणि गुडघा पूर्ण सरळ झालेला असला पाहिजे, पण पायडल गाठायला कंबर झुकवावी लागता कामा नये. गुडघा वाकलेला राहत असेल तर सीट वर घ्या. टाच पुरत नसेल तर खाली घ्या. दर वेळी अर्धा सेंटिमीटरच हलवा, नट तात्पुरता आवळा आणि पुन्हा बसा. दुसऱ्या पायानेही तपासा. मग दोन्ही टाचा पायडलवर ठेवून दहा-बारा वेळा उलटं पायडल मारा. मदतनिसाने हँडल न सोडता नजर टाकावी, कंबर डोलत नसेल तर उंची जमली.

चालवताना पायडलवर टाच नाही, चवडा असतो. त्यामुळे टाचेला सरळ झालेला पाय चवड्यावर ठेवला की गुडघ्यात थोडा वाक राहतो, सरळ रेषेपासून साधारण २५ ते ३५ अंश. गुडघ्यासाठी हाच वाक चांगला मानला जातो.

स्लिपर घालून चालवणारे बरेच जण पायाचा मधला भाग पायडलवर ठेवतात, कारण चवड्यावर ठेवला तर स्लिपर मागून निसटते. तुमची तशी सवय असेल तर टाचेच्या मापापेक्षा सीट एखादा सेंटिमीटर खाली ठेवा. मधल्या तळव्यावर पाय तेवढा आखूड पडतो.

आकड्याने पडताळणी

टाचेच्या मापावर मी जास्त विश्वास ठेवतो, कारण त्यात तुमची स्प्रिंग, तुमची स्लिपर, तुमचं पायडल सगळं आपोआप धरलं जातं. तरी एकदा आकड्याने पडताळून पाहायला हरकत नाही, विशेषतः एकटे असाल तेव्हा.

अनवाणी, भिंतीला पाठ लावून, पायांत वीतभर अंतर ठेवून उभे राहा. एक जाड वही दोन्ही मांड्यांच्या मध्ये आडवी धरून वर घट्ट दाबा, सीटवर बसल्यावर दाब येतो तितकी. वहीच्या वरच्या कडेची भिंतीवर खूण करा आणि जमिनीपासून मोजा. ही तुमच्या पायाची आतली लांबी.

इंग्लंडमधल्या हॅम्ली आणि थॉमस या दोन संशोधकांनी १९६७ मध्ये असं मांडलं की या लांबीच्या १०९ टक्के इतकं अंतर सगळ्यात लांब गेलेलं पायडल आणि सीटचा माथा यांत असावं. पायाची लांबी ७५ सेंटिमीटर असेल तर ८१.७५, आणि ७८ असेल तर ८५ सेंटिमीटर. दुसरा हिशोब शर्यतीच्या दुनियेतून आला. फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार आणि १९८६, १९८९, १९९० अशी तीनदा टूर द फ्रान्स जिंकणारा अमेरिकेचा ग्रेग लेमाँड यांच्यामुळे तो माहीत झाला. त्यात पायाच्या लांबीला ०.८८३ ने गुणायचं, आणि येईल ते अंतर क्रँक ज्या एक्सलभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, नळीच्या रेषेत मोजायचं. ७५ ला ६६.२ आणि ७८ ला ६८.९ सेंटिमीटर. क्रँकची लांबी साधारण १७ सेंटिमीटर धरली तर दोन्ही हिशोबांत एक-दीड सेंटिमीटरचाच फरक उरतो.

हे आकडे शर्यतीच्या कडक सीटसाठी आहेत. आपल्या स्प्रिंगच्या सीटवर बसल्यावर जेवढी स्प्रिंग दबते तेवढं त्यात मिळवा. जुनी चामड्याची सीट मध्ये खोल गेली असेल तर मोजमाप त्या खोल भागापासून घ्या, टोकापासून किंवा कडेपासून नाही. टाचेचं माप आणि आकडा यांत सेंटिमीटरभर फरक आला तर टाचेचं ऐका. तीन-चार सेंटिमीटर आला तर काहीतरी मोजताना चुकलं आहे, पुन्हा मोजा.

पिलर किती वर येऊ द्यायचा

ही पायरी सोडू नका. पिलरवर बारीक उभ्या रेघांचा पट्टा किंवा आडवी रेघ कोरलेली असते. ती रेघ नळीच्या बाहेर दिसता कामा नये. जुन्या साध्या पिलरवर खूण नसेल तर निदान अडीच इंच पिलर नळीच्या आत हवा, आणि त्याचं खालचं टोक पुढचा आडवा दांडा जिथे जोडला आहे त्या सांध्याच्या खाली पोचलेलं हवं. पिलर त्याहून वर गेला की खड्ड्यात चाक आदळल्यावर सगळं वजन नळीच्या तोंडावर पडतं. पिलर वाकतो किंवा फ्रेमला सांध्यापाशी चीर पडते. आपल्या पांदण रस्त्यांवर असा आदळा रोजचाच आहे.

तुमची बरोबर उंची या मर्यादेच्या वर येत असेल तर लांब पिलर घ्या. दुकानात जाताना जुना पिलर सोबत न्या आणि त्याच जाडीचा मागा. अर्धा मिलिमीटर बारीक पिलर कितीही आवळला तरी खाली सरकतो.

सरळपणा, उतार आणि आवळणं

उंची ठरली की सीटच्या मागे उभं राहून पुढे पाहा. सीटचं टोक, आडवा दांडा आणि पुढचं चाक एका रेषेत दिसायला हवं. टोक एका बाजूला वळलं तर एकाच गुडघ्याला त्रास होतो.

मग उतार. सीटवर पाटी किंवा सपाट फळी लांबीने ठेवा, घरचं बांधकाम सुरू असेल तर गवंड्याची लेव्हल पट्टी मागून घ्या. पाटी सपाट असावी. टोक वर असेल तर जांघेत काचतं आणि बधिरपणा येतो. टोक खाली असेल तर माणूस सारखा पुढे घसरतो आणि सगळं वजन मनगटांवर येतं. स्प्रिंगच्या सीटमध्ये टोक थोडं, अगदी बोटाच्या पेरापेक्षा कमी, वर ठेवलं तर बसल्यावर मागची स्प्रिंग दबते तेव्हा त्रास होऊ शकतो, म्हणून मी सपाटच ठेवायला सांगतो.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. नळी मागे झुकलेली असल्यामुळे सीट वर गेली की मागेही जाते. पाच सेंटिमीटर वर घेतली तर साधारण दीड ते दोन सेंटिमीटर मागे. हँडल अचानक लांब वाटायला लागतं ते यामुळे. तसं वाटलं तर सीटखालचा क्लॅम्प सैल करून सीट तेवढी पुढे घ्या. उंची कमी करून हँडल जवळ आणायचा प्रयत्न करू नका.

आता सीटबोल्ट आवळा. डाव्या हाताने बोल्टचं डोकं धरून उजव्या हाताने नट. घट्ट झाला की सीटचं टोक आणि मागचा भाग धरून जोराने फिरवून पाहा. हलली नाही तर पुरे. पान्याला पाइप लावून आवळू नका, बोल्ट ताणला जातो आणि एक दिवस तुटतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला तर आणखी जपून. खटक्याच्या सायकलीत खटका अर्ध्यावर आला की विरोध जाणवायला हवा आणि बंद करताना तळहातावर ठसा उमटेल इतका जोर लागायला हवा. फारच सहज बंद झाला तर उलट बाजूचा नट थोडा फिरवून पुन्हा बंद करा. बाजाराच्या दिवशी सायकल बाहेर उभी करणाऱ्यांनी खटक्याऐवजी साधा नटबोल्ट लावून घेतलेला बरा, सीट चोरीला जात नाही.

चालवून पाहा

गावाबाहेरच्या सपाट डांबरी रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर जाऊन या. कोणाला तरी मागून दुसऱ्या सायकलीवर यायला सांगा आणि तुमच्या कंबरेकडे पाहायला सांगा. शर्ट कमरेपाशी डावीकडे-उजवीकडे हलताना दिसला तर सीट उंच आहे, अर्धा सेंटिमीटर खाली घ्या. गुडघ्याच्या समोर दाब जाणवला तर अर्धा सेंटिमीटर वर. गुडघ्याच्या मागे ओढ आली तर खाली.

सीट फक्त दोन-चार दिवस खाली होती तर एकदम जुन्या उंचीवर आणा, शरीर ते विसरलेलं नसतं. वर्षानुवर्षं खालीच बसत आला असाल आणि आता पाच-सहा सेंटिमीटर वर जायचं असेल तर एका दिवसात जाऊ नका. दर तीन-चार दिवसांनी अर्धा ते एक सेंटिमीटर वर घ्या. घाई केली तर गुडघ्यामागच्या शिरा दुखतात आणि माणूस म्हणतो, 'खालचीच बरी होती.' नव्या उंचीवर महिनाभर चालवूनही गुडघा सुजत असेल किंवा रात्री दुखत असेल तर डॉक्टरला दाखवा, तो सीटचा प्रश्न नाही.

कॅरियरवर दुधाच्या कॅन, चाऱ्याचा भारा किंवा माणूस घेऊन जाणाऱ्यांनी बरोबर उंचीपेक्षा एक-दोन सेंटिमीटर खाली ठेवणं शहाणपणाचं आहे. भरलेली सायकल थांबताना कलली तर पाय पटकन टेकवता आला पाहिजे. पावसाळ्यात चिखलाच्या पांदणीतून जाताना, किंवा चिखलदऱ्यासारखा घाट उतरताना तात्पुरती खाली करायलाही हरकत नाही. पण सपाटीला आल्यावर तुराटीचा तुकडा काढा आणि परत वर घ्या.

आवळूनही खाली सरकत असेल तर

सकाळी बरोबर केलेली सीट संध्याकाळी दोन बोटं खाली, असं होत असेल तर आधी बोल्टपाशी नीट पाहा. नळीच्या चिरेच्या दोन्ही पाकळ्या एकमेकींना टेकल्या असतील तर आणखी आवळून काही होणार नाही, पिलर बारीक आहे. योग्य जाडीचा पिलर हाच खरा उपाय. तोवर थंड पेयाच्या रिकाम्या डब्याचा पातळ पत्रा कापून पिलरभोवती एक वेढा द्या, कडा बोथट करून घ्या. पाकळ्यांत फट असेल तर बोल्टचे आटे घासले गेले असतील, तो बदला. स्वस्तात मिळतो. ग्रीस जास्त झालं असेल तर पुसून काढा, पातळ थर पुरेसा असतो.

उंची तीच राहते पण टोक वर-खाली होतं, अशी तक्रार असेल तर दोष सीटखालच्या क्लॅम्पचा. त्यातल्या दातेरी चकत्या झिजल्या की त्या एकमेकींत अडकत नाहीत. चकत्या साफ करून, दोन्ही बाजूंचे नट आळीपाळीने थोडे-थोडे आवळा. एकच बाजू पूर्ण आवळली तर सीट तिरकी बसते. दात पार गुळगुळीत झाले असतील तर क्लॅम्प बदला.

वाढत्या पोरांसाठी

राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळालेल्या सायकली गावोगाव दिसतात. आठवीत मिळालेली सायकल पोरगी बारावीपर्यंत चालवते, आणि बऱ्याचदा सीट आठवीत होती तिथेच असते. या वयात पाय भराभर वाढतात. पायाची लांबी एक सेंटिमीटर वाढली की सीट जवळजवळ तेवढीच, नऊ मिलिमीटरच्या आसपास, वर जायला हवी. वर्षातून दोनदा तपासा. जूनच्या शेवटी आपल्याकडच्या शाळा उघडतात तेव्हा एकदा, आणि दिवाळीच्या सुटीत एकदा. ओढणी आणि सलवारीचे पाय चेनमध्ये किंवा चाकात जाणार नाहीत, हेही त्याच वेळी पाहून घ्या. वर बसल्यावर कपड्यांचा झोल वेगळा पडतो.

जे पोट्टं अजून शिकत आहे त्याच्यासाठी सीट दोन्ही पाय टेकतील इतकी खालीच ठेवा. त्याला तोल आला, थांबता-निघता यायला लागलं की मग हळूहळू वर. सीट पूर्ण खाली करूनही पाय पायडलला पुरत नसतील तर सायकल मोठी आहे. तो दांड्याखालून पाय घालून कैची चालवेल, त्याला ती चालवू द्या, पण रस्त्यावर नाही, अंगणात किंवा खळ्यात. पायडलला लाकडी ठोकळे बांधायची जुनी रीत आहे. बांधायचेच असतील तर नटबोल्टने पक्के बसवा आणि दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचे घ्या. सुतळीने बांधलेला ठोकळा चालत्या सायकलीत फिरतो आणि पाय घसरून पोरगं थेट दांड्यावर आदळतं.